आठल्येकाकांच्या डिस्कचं शेवटचं पान

विश्वेश्वर आठल्ये हे माझे घरमालक. काशीत दूधविनायक मोहल्ल्यात त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली मी घेतली तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. मिरजेत कुठे राहता आणि कॉम्प्युटरवर काय वापरता. पहिलं उत्तर त्यांना आवडलं. दुसरं ऐकून त्यांचा चेहरा पडला. "ठीक आहे, देखते हैं," म्हणाले, आणि पंधरा दिवसांत माझ्या लॅपटॉपवर लिनक्स बसलेलं होतं. मला विचारून की न विचारता, यावर आमचं अजून एकमत नाही.

काका सदुसष्ट वर्षांचे. एका संस्कृत संस्थेच्या हस्तलिखित विभागात त्यांनी एकतीस वर्षं पोथ्यांच्या याद्या केल्या. वडील याज्ञिक, आजोबा याज्ञिक, पुण्याहून काशीला आलेले त्यांचे मूळपुरुष तेही याज्ञिकच. काकांनी ते सोडलं. का सोडलं विचारलं तर म्हणतात, "मला धूर सहन होत नाही." एवढ्यावर विषय संपतो.

पण धूर सोडला तरी शिस्त सुटली नाही. त्यांच्या घरात कुठलंही धर्मकृत्य दोघांनी मिळून व्हायचं. एकाने पोथीतला प्रयोग, म्हणजे कशानंतर काय करायचं तो क्रम, मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकेल तसं करायचं. करणाऱ्याने डोकं चालवायचं नाही. वाचणाऱ्याने जे लिहिलंय त्याखेरीज तोंड उघडायचं नाही. काका लिनक्स बसवतात ते अगदी असंच.

त्यासाठी त्यांची एक वही आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, वर सुरेख अक्षरात 'लिनक्सप्रयोग' लिहिलेली. सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर व्हायरसने आजारी पडून एकामागून एक बंद पडले, तेव्हा काकांनी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली सीडी घालून ते उठवले आणि काय केलं ते वहीत उतरवून ठेवलं. पहिलं कलम 'हात धुवावेत'. दुसरं यंत्र कसं चालू करावं याचं, तिसरं काळ्या पडद्यावर डिस्कची यादी कशी पाहावी याचं. चौथ्या कलमाचं नाव भूमिशुद्धी. 'एसडीए या डिस्कच्या आरंभी एक मेगाबाइटभर शून्यं लिहावीत, म्हणजे मागील काही शेष राहत नाही.' एसडीए हे यंत्राला सापडणाऱ्या पहिल्या डिस्कचं नाव. काकांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या यंत्रांत लिनक्स त्या पहिल्या डिस्कवरच बसायचं. होमिओपॅथीवाले डॉक्टर, अहिल्याबाई घाटाजवळचा फोटोवाला, सतार शिकवणाऱ्या बाई, कुणाकुणाची म्हणून भूमी त्यांनी शुद्ध केली, आणि एकदाही काही बिघडलं नाही.

वाचायचं काम पूर्वी गीताकाकूंकडे होतं. त्यांनी गुडघ्यांचं कारण पुढे केलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. वाचायला गुडघे कशाला लागतात हे मी विचारलं नाही. भाडेकरूने किती विचारायचं यालाही मर्यादा असते.

आता खरं सांगायचं ते काकांच्या दुसऱ्या कामाबद्दल. निवृत्त झाल्यापासून ते इथल्या मराठी घरांमध्ये जाऊन पोथ्यांचे फोटो काढतात. अडतीस घरं झाली. कोनाड्यात, माळ्यावर, देवघरामागे, लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या पोथ्या. कुणी वाचत नाही, कुणाला टाकवतही नाही. काका जातात, जमिनीवर पांढरी चादर घालतात, एकेक पान ठेवून फोटो घेतात, पोथी पुन्हा बांधून देतात. हे सगळे फोटो त्यांच्या एका चार टेराबाइटच्या डिस्कवर होते. दुसरी प्रत एका छोट्या डिस्कवर होती, पण ती गेल्या श्रावणात खिडकीतून वानराने नेली. समोरच्या गच्चीवर बसून त्याने ती चावून पाहिली, आवडली नाही म्हणून खाली गल्लीत टाकली. तीन मजले. "नवी घेऊ," काका म्हणत राहिले, आणि ते घेणं राहून गेलं.

यात एक मोठी मेख होती. वाळवी लागलेली, भिजून चिकटलेली पोथी घरात ठेवत नाहीत, रद्दीतही देत नाहीत. ती गंगेत सोडतात. काकांच्या फोटोंमुळे लोकांना धीर आला. आता जाऊ दे, फोटो आहेत विश्वेश्वरकडे, असं म्हणून सात-आठ घरांनी आपल्या पोथ्या नावेतून नेऊन सोडल्या.

त्यातली शेवटची शरदिनीआजींची. शरदिनी उकिडवे, वय त्र्याऐंशी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, लग्न केलं नाही. त्यांचे वडील गोविंदभट यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ती पोथी. मजकूर संस्कृत, पूजाविधीचा. पण कडेच्या कोऱ्या जागेत गोविंदभटांनी मोडी लिपीत मराठीतून काय काय लिहून ठेवलेलं: आज गंगा कुठल्या पायरीपर्यंत चढली, कुणाच्या घरी जेवण आळणी होतं, कुठल्या यजमानाने दोन तास ताटकळत ठेवलं. पोथी सोवळ्यातली, मुलींनी हात लावायचा नाही. भाऊ गेल्यावर ती आजींकडे आली तेव्हा तिला हात लावायला मनाई करणारं कोणी उरलं नव्हतं, पण आजींना मोडी येत नव्हती आणि पानांना वाळवीने जाळी केली होती.

गेल्या माघात अमृतराव घाटावरून आम्ही नाव केली. आजींच्या मांडीवर पोथी, आणि त्यांचे हात काही केल्या सुटेनात. मी बघत होते. शेवटी काका म्हणाले, "ताई, माझ्याकडे एकेक पान आहे. एक अक्षर जाणार नाही. निश्चिंत मनाने सोडा." त्या शब्दावर त्यांनी सोडली.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता आजी यायच्या आणि काका पडद्यावर पोथीची चार-पाच पानं काढून कडेची मोडी त्यांना वाचून दाखवायचे. पहिल्यापासून, क्रमाने. "आज एकदम शेवटचं बघू या का?" असं मी एकदा म्हटलं तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. एप्रिलपर्यंत त्रेचाळीस पानं झाली होती. पोथी एकशे सहा पानांची.

एप्रिलच्या सुरुवातीला काकांचा जुना कॉम्प्युटर वीज वरखाली झाली त्यात जळाला. मोठी डिस्क वाचली. त्यांचा हैदराबादला राहणारा मुलगा निमिष येऊन नवं यंत्र जोडून गेला. त्यात लिनक्ससाठी नव्या पद्धतीची, बोटाएवढी एक छोटी डिस्क बसवली, फोटोंची मोठी डिस्कही लावून दिली. लिनक्स बसवायला काकांनी त्याला हात लावू दिला नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, "बाबा, बसवताना बड़ी वाली डिस्क का तार निकाल देना. भूलना मत." काका हो म्हणाले. पण वहीत तार काढायचं कलम नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला आम्ही बसलो. काकांनी हात धुतले. मी वही उघडून वाचू लागले. पेनड्राइव्ह लावला, यंत्र चालू झालं. तिसरं कलम, डिस्कची यादी. पडद्यावर दोन ओळी आल्या. एसडीए या नावापुढे ३.६ टेराबाइट असा आकडा होता. छोट्या डिस्कचं नाव भलतंच लांबलचक होतं आणि ती त्याच्या खाली होती.

मला ते दिसलं. हे मी अजून स्वतःलाच सांगते आहे. छोटी डिस्क पाचशे गिगाबाइटच्या आतबाहेरची आहे हे मला माहीत होतं, एसडीएपुढे चार टेराबाइटच्या आसपासचा आकडा काय करतोय असं मनात आलं आणि मी तोंड उघडलं. "काका, हे..."

काकांनी तळहात वर केला. "बीच में बोलायचं नाही. पुढचं वाच."

मी रेल्वेत सिग्नलचं काम करते. आमच्याकडे सांगितलेला आकडा समोरच्याने जसाच्या तसा परत म्हणून दाखवल्याशिवाय कुणी कशाला हात लावत नाही. ही सवय माझ्या अंगात भिनलेली आहे. आणि तरीही मी निमूटपणे चौथं कलम वाचलं, एसडीएसकट, खणखणीत आवाजात. काकांनी एसडीए टाइप केलं. एका सेकंदाच्या आत भूमी शुद्ध झाली.

पाचव्या कलमात बसवायचा प्रोग्रॅम उघडला. त्याने दोन डिस्क दाखवल्या. छोटी, रिकामी. मोठी, रिकामी.

काकांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, पुन्हा घातला. मोठी तरीही रिकामीच.

"मृणालिनी, ये क्या हो गया?"

मला आधी राग आला. सगळा राग त्यांच्या त्या वर केलेल्या हातावर. "मी सांगत होते! तुम्ही बोलूच दिलं नाहीत! निमिषने तार काढायला सांगितलं होतं की नव्हतं?" एवढं बोलले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसले होते. माझा राग तिथेच विझला. मला भीती वाटली, त्यांच्यासाठीच.

गीताकाकू स्वयंपाकघरातून आल्या. "काय झालं हो?"

"अडतीस घरं गेली," काका म्हणाले.

काकूंना काही कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. त्या जवळ येऊन बसल्या. काका माझ्याकडे न बघता बोलू लागले. "बाकीच्यांकडे जाऊन पाय धरीन. पण शरदिनीताईंना काय सांगू? मी सोडायला लावली. त्या सोडत नव्हत्या. आणि एक गोष्ट तुला सांगतो, आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. त्या पोथीच्या शेवटच्या पानावर त्यांचं नाव आहे. वडिलांनी लिहिलेलं. यादी करणारा माणूस शेवटचं पान सगळ्यांत आधी बघतो, मी फोटो काढले त्याच दिवशी वाचलं होतं. म्हटलं, क्रमाने जाऊ, शेवटच्या रविवारी वाचून दाखवू. त्यांना अजून माहीतच नाही."

निमिषला फोन लावला. बंद. काकूंना आठवलं, तो आज कामासाठी विमानाने कुठेतरी जायचा होता, उतरायला दुपार होणार. चार वाजता आजी येणार. मी मोबाइल काढून शोधू लागले. पहिल्या दहा मिनिटांत मला एवढंच कळलं की जगात असं करणारे आम्ही पहिले नव्हेत. जरा बरं वाटलं.

मग एके ठिकाणी काही हाताला लागलं आणि मी ते काकांना सांगितलं. फोटो गेलेले नाहीत. डिस्कवर कोणता भाग कुठून कुठवर आहे याचा एक तक्ता आरंभी लिहिलेला असतो, आपण शून्यं लिहून तो तक्ता पुसला. त्यामुळे यंत्राला सगळंच रिकामं दिसतं.

"ते मला माहीत आहे," काका मलूल आवाजात म्हणाले. "तक्ता गेला म्हणजे गेलं. कौन सा हिस्सा कहाँ से, हे कोण सांगणार?"

"थांबा हो जरा. हे जुन्या तक्त्याबद्दल झालं. दोन टेराबाइटच्या पुढच्या डिस्कला तो तक्ता पुरत नाही, तिथे नवा वापरतात, जीपीटी नावाचा. तुमची चारची आहे. निमिषने नवाच केला असणार." मी पुढे वाचलं. "आणि नव्या तक्त्याची एक दुसरी प्रत असते. डिस्कच्या अगदी शेवटी."

काकांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"दुसरी प्रत. शेवटी."

"शेवटी?" ते उठून उभे राहिले. "अगं, म्हणजे पुष्पिका!"

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलताहेत. पण नाही. गेल्या तासाभरात त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला होता. त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. पोथीचं वरचं पान नेहमी आधी जातं. हाताळून, भिजून, फाटून. ग्रंथाचं नाव त्यावर, म्हणून लोकांना वाटतं पोथी निनावी झाली. पण लिहिणारा शेवटच्या पानावर पुन्हा सगळं लिहून ठेवतो: ग्रंथ कोणता, पानं किती, कुणी लिहिला, कुणासाठी, कधी. त्याला पुष्पिका म्हणतात. "एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? पहिलं पान नसलेल्या पोथ्या शेवटून ओळखल्या. ज्याने हा तक्ता बनवला तो कोणी शहाणा माणूस असणार."

"पण काका, आपण शेवटी तर काही पुसलं नाही ना?"

"नाही. आरंभी फक्त. एक मेगाबाइट. वहीत तसंच आहे." आणि मग, त्या दिवसात पहिल्यांदा, ते वहीकडे रागाने बघून म्हणाले, "बाजूला ठेव ती."

पेनड्राइव्हमध्ये जीडिस्क नावाचा छोटा प्रोग्रॅम होता, अशा तक्त्यांसाठीचा. काका खुर्चीत बसले, बोटं कीबोर्डवर ठेवली. मी म्हटलं, "एक मिनिट. आता माझ्या पद्धतीने. तुम्ही काय दाबणार ते आधी बोलायचं, मी परत म्हणणार, मग दाबायचं. आणि मी मध्ये बोलले तर हात वर करायचा नाही."

"कबूल," काका म्हणाले. चोवीस वर्षांत ह्यांना असं कबूल करताना पाहिलं नव्हतं, असं काकूंनी नंतर मला सांगितलं. लग्नाला चव्वेचाळीस झाली आहेत, मग आधीच्या वीस वर्षांत काय कबूल केलं होतं कोण जाणे.

"मोठी डिस्क. एसडीए. ३.६ टेराबाइट," काका म्हणाले.

"मोठी डिस्क, एसडीए, ३.६ टेराबाइट. दाबा."

पडद्यावर इंग्रजीत दोन-चार ओळी उमटल्या. पुढचा, म्हणजे आरंभीचा, तक्ता खराब आहे असं प्रोग्रॅम म्हणाला, काय करू विचारलं. एक, आहे तो तक्ता वापरायचा. दोन, कोरा नवा तक्ता करायचा. काकांचं बोट दोनच्या आसपास होतं की मला भास झाला, देव जाणे. मी ओरडलेच, "एक!"

"एकच दाबतोय. ओरडू नकोस. एक."

"एक. दाबा."

मग ती ओळ आली. पुढचा तक्ता चालत नाही, मात्र मागची प्रत शाबूत आहे, तीवरून पुढचा पुन्हा तयार करत आहे. मी ती दोनदा वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्याने. काकांनी अजून काही लिहायची आज्ञा दिली नाही. आधी तक्ता दाखवायला सांगितला. एकच भाग, ३.६ टेराबाइटचा, आणि त्याला निमिषने दिलेलं नाव: पोथ्या.

काकू म्हणाल्या, "हे आपलंच ना?"

"आपलंच," काका म्हणाले. "मृणालिनी, आता डब्ल्यू. म्हणजे हे डिस्कवर लिही."

"डब्ल्यू. डिस्क एसडीए. एक भाग, नाव पोथ्या. दाबा."

त्याने पुन्हा खात्री आहे का विचारलं. काकांनी होकाराचं बटण दाबलं, आणि दाबून झाल्यावर डोळे मिटून घेतले. मी ती डिस्क उघडली, नुसती वाचण्यापुरती, काही लिहिता येणार नाही अशी. अडतीस घरांची अडतीस फोल्डरं ओळीने आली. उकिडवे सदतिसावं. आतलं पहिलं पान उघडलं तर वाळवीने केलेली जाळी, पिवळा कागद, गोविंदभटांचं बारीक अक्षर. मग मधलं एक पान, मग एकशे सहावं. सगळी होती.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, मी रडले. काकूंनी माझ्या आणि काकांच्या हातावर साखर ठेवली आणि देवघरात गेल्या. काका साखर तोंडात टाकायची विसरले, ती मुठीत धरून दहा मिनिटं बसले होते. नंतर हात चिकट झाला म्हणून उठून धुतला.

"अब बाकी काम," ते म्हणाले.

"आधी तार," मी म्हटलं.

यंत्र बंद करून मोठ्या डिस्कची तार त्यांनी स्वतः काढली, दोन्ही टोकांची, आणि डिस्कच बाहेर काढून काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. मग लिनक्स बसायला अर्धा तासही लागला नाही. छोट्या डिस्कवर नवा तक्ता केला, नव्या पद्धतीचा. त्यात आरंभी एक लहानसा भाग ठेवला, यंत्र सुरू होताना आधी तिथे डोकावतं म्हणून, आणि उरलेली सगळी जागा लिनक्सला. प्रत्येक पायरीला काका बोलले, मी परत म्हटलं. पेनड्राइव्ह काढून यंत्र चालू केलं आणि ते शहाण्यासारखं सुरू झालं. जेवायला आम्ही अडीचला बसलो. वरण-भात, आणि काकूंनी घाईघाईने केलेला शिरा. इतक्या चवीने मी इथे कधी जेवले नव्हते.

निमिषचा फोन आला तेव्हा काका हात धूत होते. "हो गया, सब ठीक," एवढंच बोलले. मग जरा थांबून, "तार काढली होती," असंही म्हणाले. खोटं नव्हतंच ते, फक्त उशिरा होतं.

चारला शरदिनीआजी आल्या. जिन्यात दम लागतो म्हणून खालच्या पायरीवरूनच त्यांनी हाक दिली, "विश्वेश्वर, आलं का रे तुझं नवं यंत्र?" मी त्यांना हात धरून वर आणलं. मला वाटलं होतं, काका सकाळचं त्यांना सांगणार नाहीत. पण त्या खुर्चीत टेकतात न टेकतात तोच काका त्यांच्यासमोर उभे राहिले.

"ताई, आज सकाळी दोन तास तुमची पोथी माझ्या हातून गेली होती. माझीच चूक. मी तुम्हाला घाटावर शब्द दिला होता आणि तो जवळजवळ बुडवला."

आजींनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "सापडली ना?"

"सापडली."

"मग उभा का आहेस? चहा सांग."

चहा झाला. काकांनी डिस्क परत लावली होती. फोल्डर उघडलं. चव्वेचाळिसावं पान निघायला हवं होतं. काकांचा हात थोडा थांबला, आणि मग त्यांनी सरळ शेवटचं पान काढलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस पंचांगसुद्धा पहिल्या पानापासून वाचतो.

"ताई, आज क्रम मोडतो," काका म्हणाले. "हे मी शेवटच्या रविवारी वाचणार होतो. पण आता थांबवत नाही. शेवट कधीपर्यंत हातात राहील, भरवसा नाही."

आजी पुढे वाकल्या. पानाच्या तळाशी मोडीच्या पाच ओळी होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. काकांनी बोट ठेवून सावकाश वाचलं.

"शके अठराशे अडुसष्ट, काशीक्षेत्रीं, पत्रें एकशें सहा. हें पुस्तक गोविंदभट उकिडवे याणें स्वहस्तें लिहिलें. लोक मुलाकरितां लिहितात. हें आपले कन्ये शरदिनीकरितां लिहिलें. ती चार वर्षांची आहे आणि सारखी पुसते, यांत काय आहे. मोठी जाहली म्हणजे ती वाचील."

आजींनी पडद्याला हात लावला, काच होती तिथे, आपल्या नावाच्या ओळीवर. त्यांना ती ओळ कुठली ते कळत नव्हतं, हात जरा वरच्या ओळीवर पडला. काकांनी त्यांचं बोट धरून खाली आणलं.

"इथे?"

"इथे. श. र. दि. नी."

"एवढी वर्षं कोनाड्यात होती रे," आजी म्हणाल्या. "मी लांबून हळदकुंकू वाहत होते." मग पदराने डोळे पुसले, नाकही पुसलं आणि एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "पुढची पानं तू वाचायची नाहीत. मला हे अक्षर शिकव."

"ताई, डोळ्यांना त्रास होईल."

"वाचील असं लिहिलंय की ऐकेल असं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला नाही. त्यांनी टेबलाचा खण उघडून एक नवी वही काढली. लाल कापडाच्या पुठ्ठ्याचीच, दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून काढून ठेवली होती. त्यात ते नवा लिनक्सप्रयोग लिहिणार होते, 'प्रथम डिस्क ओळखावी' इथून सुरुवात करून. पहिल्या पानावर त्यांनी मोडीतला श काढला, मोठा, आणि वही आजींच्या पुढे सरकवली. आजींनी पेन हातात घेतलं आणि त्याच्याखाली दुसरा काढला. तो वाकडा आला. त्यांनी तो खोडला नाही, शेजारी आणखी एक काढला.